चकलीच्या पोटातला खोडरबर

दोस्तांनो, मांजरीच्या ऑपरेशनबद्दल या पानावर मागे दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर तुमची बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच : "दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही काय करायचं?" उत्तर लिहायला बसले आणि मला सारखी एकीची आठवण येऊ लागली. ती मांजर नाही आणि कुत्राही नाही. तिचं नाव चकली. चकली हे एक फेरेट आहे, आणि ती राहते अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये, माझ्या ताईच्या घरी.

फेरेट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं नसेल. पहिल्यांदा पाहिलं तर तुम्ही "अरे, मुंगूस!" असंच म्हणाल. मीही म्हणाले. लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड. पण मुंगसाचं कूळ निराळं. फेरेटची भावंडं म्हणजे आपल्या नदीकाठची पाणमांजरं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाने दोन हजार वर्षांपेक्षाही आधी माणसाळवलं, ते बिळातले ससे बाहेर काढण्यासाठी. फेरेट या नावाचा मूळ लॅटिन अर्थ 'छोटा चोर'. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. (आणि हो, हे वाचून कुणी घरी मुंगूस आणायचा बेत करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, पाळणं हा गुन्हा आहे.)

चकली भरते जेमतेम पाऊण किलो. दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपते, आणि झोपताना अंगाचं वेटोळं करून नाक शेपटीत खुपसते. अगदी सोऱ्यातून नुकतीच पडलेली चकली! नाव ठेवलं माझ्या भाचीने. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिचं स्वतःचं नाव मात्र छापायचं नाही, असं तिने मला बजावलंय. का ते पुढे कळेलच.

2023 च्या डिसेंबरात मी ताईकडे गेले होते. नाताळची सुट्टी लागायची होती. एका शनिवारी सकाळी चकलीने खाण्याला तोंड लावलं नाही. दुपारी ती पुढच्या पंजांनी तोंड खाजवल्यासारखं करायला लागली आणि दात कराकरा चावायला लागली. मला वाटलं, दातात काही अडकलं असेल. भाची मात्र पांढरीफटक पडली. फेरेटला मळमळलं की ते असं करतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. संध्याकाळपर्यंत चकली फरशीवर पोट टेकून नुसती पडून राहिली.

दवाखान्यात एक्स-रे काढला. रबर एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही, पण त्याच्या मागे आतड्यात कोंडलेला वायू दिसतो. डॉक्टरीणबाईंनी तो फोटो दिव्यासमोर धरून विचारलं, "घरात रबराचं काय काय आहे?" फेरेटना रबराचं भारी वेड. चपलेचा तळवा, रिमोटची बटणं, कानात घालायचे बोळे, काहीही कुरतडतात आणि गिळतात. भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिचा वासाचा गुलाबी खोडरबर गुरुवारपासून सापडत नव्हता. दप्तर जमिनीवर उघडं तिनेच ठेवलं होतं.

ऑपरेशनच्या खर्चाचा आकडा ऐकून भावजी काही वेळ गप्प बसले. मग "करा" म्हणाले. गप्प बसले तेवढ्या वेळात भाचीचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरणार नाही. त्याच रात्री चकलीचं पोट उघडून, आतडं कापून तो तुकडा काढला. केवढा होता? हरभऱ्याएवढा!

सोमवारी चकली घरी आली. पोटावरचे केस भादरलेले, मधोमध दोन इंचांची शिवण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझं काम दोन तासांचं होतं. तुमचं दोन आठवड्यांचं आहे."

पहिलं काम पिंजऱ्याचं. चकलीचा पिंजरा म्हणजे तीन मजली वाडाच! वरचे दोन मजले आणि चढणीच्या पट्ट्या काढून टाकल्या. टांगलेली झोळी काढून जमिनीवर अंथरली. टर्किशचा टॉवेल घालायचा नाही, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत नखं अडकतात. म्हणून मऊ, सपाट कापड. शौचाच्या ट्रेमधली मातीची वाळू ओतून देऊन तिथे कागदाच्या पट्ट्या पसरल्या, म्हणजे ओल्या जखमेला धूळ चिकटणार नाही. भुलीनंतर इतका लहान प्राणी पटकन गार पडतो, म्हणून टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी दिली, पण पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागाखाली. का, सांगा बरं? फार गरम झालं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता यायला हवं. आजारी प्राण्याला "मला उकडतंय" असं सांगता येत नाही, सरकता येतं. मांजर असो, कुत्र्याचं पिल्लू असो, हे तुमच्या घरीही लक्षात ठेवा.

मग सुरू झाला आजींचा प्रश्न. ताईच्या सासूबाई, पण सगळेच त्यांना आजी म्हणतात. आजींनी शिवण पाहिली आणि सरळ हळदीचा डबा काढला. "अगं, चिमूटभर लाव, दोन दिवसांत खपली धरेल." आणि रात्री वाटीभर कोमट हळद-दूध! भाची पिंजऱ्यापुढे हात पसरून उभी राहिली. आजी रागावल्या, "तुमचा बाप हळदीवरच वाढलाय!"

आजींची माया खोटी नव्हती. पण फेरेट पक्कं मांसाहारी. दूध त्याला पचत नाही, जुलाब होतात, आणि नुकतंच शिवलेलं आतडं असताना जुलाब म्हणजे संकटच. फळ, बिस्कीट, साखर, काही काही नाही. जखमेवरही डॉक्टरांनी दिल्याशिवाय काही लावायचं नाही. हळद नाही, मलम नाही, खोबरेल तेल नाही. पूड आत बसली की खालची लाली दिसत नाही, आणि प्राणी ते चाटत बसतो ते वेगळंच. आणखी एक फार महत्त्वाचं. आपण ताप आला की घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी प्राण्याला कधीही देऊ नका. चतकोरसुद्धा नाही. फेरेटला ती विषासारखी, आणि मांजराला तर एका गोळीनेही मरण येऊ शकतं. दुखणं थांबवायचं औषध डॉक्टर देतात, ते वजन बघून, थेंबाच्या हिशेबात.

मग खायला काय? मांसाहारी प्राण्यांसाठी मिळणारी एक पूड कोमट पाण्यात कालवून पेजेसारखी करायची आणि बिनसुईच्या सिरिंजने भरवायची. फेरेटचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर! त्यामुळे त्याला फार वेळ उपाशी ठेवून चालत नाही. म्हणून सुरुवातीला दर चार तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. सिरिंज समोरून घशात खुपसायची नाही, ठसका लागतो. ओठाच्या कडेने, दाढांपाशी, एक थेंब. चाटला? गिळला? मग दुसरा. पहिल्या दिवशी भाचीचा हात इतका थरथरत होता की पेज चकलीच्या मिशांवर जास्त आणि पोटात कमी. पहाटे दोनच्या पाळीला कोण उठलं असेल? आजी! "म्हातारपणी झोप कुठे लागते," असं म्हणत त्या मांडीवर टॉवेल घेऊन बसायच्या. हळदीचा डबा परत मांडणीवर गेला.

चकलीला उचलायचीही रीत होती. एरवी फेरेटला मानेच्या कातडीला धरून उचललं की ते ढिलं पडतं आणि मोठ्ठी जांभई देतं. पण पोटाला शिवण असताना असं लोंबकळवायचं नाही. एक हात छातीखाली, एक बुडाखाली, अंग आडवं. आणि शक्य तितकं कमी उचलायचं. माझ्या भाचीला हेच सगळ्यात जड गेलं. तिला चकलीला कुशीत घ्यायचं होतं, सॉरी म्हणायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, "लाड करण्यापेक्षा नोंद कर."

म्हणून एक दोनशे पानी वही केली. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवून त्यात चकलीचं वजन. पहिल्या दिवशी 740 ग्रॅम, दुसऱ्या दिवशी 715, तिसऱ्या दिवशी 705. खाल्लं किती, पाणी किती, शी कधी आणि कशी, शू कधी, औषध कितीला, दिलं कुणी. शीचं नाव काढल्यावर तुम्ही नाक मुरडलंत ना? पोटाच्या ऑपरेशननंतर पहिली शी झाली तेव्हा त्या घरात जो आनंद झाला, तो मी दिवाळीतही पाहिला नाही. भाचीने वहीत त्यापुढे चार उद्गारचिन्हं काढली आहेत. शी झाली म्हणजे वाट मोकळी झाली. डांबरासारखी काळी, चिकट झाली असती तर आत रक्त जातंय असं समजून लगेच दवाखाना गाठायचा होता.

दिवसातून दोनदा शिवण बघायची, हात धुऊन, बोट न लावता. थोडी लाली, थोडी सूज पहिल्या दोन दिवसांत असतेच. पण लाली वाढत गेली, ओल आली, वास आला, कडा सुटल्या, तर फोन. हिरड्या बघायच्या, गुलाबी हव्यात, पांढऱ्या नकोत. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडायची. झट्कन खाली बसली तर ठीक, हळूहळू बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. उलटी, दातांची करकर, अर्धा दिवस काहीच न खाणं, या सगळ्याला फोन.

तुम्ही म्हणाल, एवढं बघायचं कशाला, दुखलं तर ओरडेलच की! इथेच तर फसायला होतं. लहान प्राणी दुखणं लपवतात. रानात जो कण्हतो तो आधी सापडतो, ही सवय हाडात मुरलेली. दुखत असलेलं फेरेट ओरडत नाही. ते अंग आखडून बसतं, डोळे अर्धे मिटतं, अंग चाटून साफ करायचं सोडून देतं. तुमची मांजर पलंगाखाली जाऊन बसते ना, तसंच.

मधल्या काळात धाकट्या भाच्याला सर्दी-ताप आला. त्याला चकलीच्या खोलीत यायला बंदी झाली. त्याने भोकाड पसरलं, पण इलाज नव्हता. माणसाचा फ्लू फेरेटला होतो, आणि फेरेटचा माणसाला! नुसतं सर्दीपडसं आहे की फ्लू, हे घरी कसं कळणार? म्हणून दाराबाहेरूनच टाटा.

याची एक खरी गोष्ट आहे. 1933 साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ हे तिघे शास्त्रज्ञ फ्लू कशाने होतो ते शोधत होते. अनेक प्राण्यांना फ्लू काही होईना. अशात अँड्र्यूज स्वतःच फ्लूने आजारी पडले. त्यांना गुळण्या करायला लावून ते पाणी गाळून फेरेटच्या नाकात सोडलं, आणि थोड्याच दिवसांत फेरेट शिंकायला लागलं! फ्लूचा विषाणू असा हाती लागला. पुढे एका आजारी फेरेटकडून तो खुद्द स्मिथसाहेबांनाच झाला, आणि त्यांच्या घशातून मिळालेल्या विषाणूला त्यांचीच आद्याक्षरं मिळाली, 'डब्ल्यूएस'. आजही फ्लूच्या अभ्यासात फेरेट वापरतात. भाच्याला ही गोष्ट सांगितल्यावर तो रडायचा थांबला. "म्हणजे चकली शिंकली तर मला शास्त्रज्ञ व्हावं लागेल?" असं त्याने विचारलं. असो.

पाचव्या दिवशी वजन 720 झालं. चकली आपणहून वाटीतलं खाऊ लागली. डोळे टकटकीत झाले आणि ती पिंजऱ्याचं दार नखांनी खरवडायला लागली. खर्र खर्र खर्र. थांबायची, आमच्याकडे बघायची, पुन्हा खर्र. ताई आणि मी बाजारात गेलो होतो. भाचीला ते बघवेना. वहीत तिने लिहिलंय, "दुपारी 3.20. बरी दिसते. पाच मिनिटं सोडलं."

फेरेट खुशीत आलं की नाचतं. पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, आडव्या उड्या मारत, "डुक डुक डुक" असा आवाज करत. चकली तशी नाचली. मग सोफ्यावर चढली आणि तिथून खाली उडी.

रात्री आठला शिवणीच्या खालच्या टोकाला सुपारीएवढा फुगवटा आला होता. कडेला ओल.

भाचीने वही माझ्यापुढे आणून ठेवली. खोडलं नव्हतं काही. खोडता आलं असतं, पेन्सिलीनेच लिहिलं होतं. (खोडरबर मात्र त्या घरात तेव्हा एकही शिल्लक नव्हता, हेही खरं.) "मावशी, माझ्यामुळे झालं. दोन्ही वेळा माझ्यामुळेच," एवढंच म्हणाली. मी काय सांगणार? खोटं तर बोलता येईना. आम्ही गाडी काढली.

नशीब थोर म्हणून आतल्या शिवणी शाबूत होत्या. वरचा एक टाका सुटून कातडीखाली पाणी साठलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तो टाका पुन्हा घातला. मग वही वाचली, पहिल्या पानापासून. 3.20 ची ओळ आली तशी भाचीने मान खाली घातली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे लिहिलं नसतंस, तर फुगवटा आतला टाका सुटून आला की काय, हे बघायला मला पुन्हा भूल द्यावी लागली असती. तू दिलंस ते दुखणं थांबवायचं औषध चांगलं काम करतंय, म्हणून तिला बरं वाटतंय. तिला वाटतंय बरं. पोटाला अजून ठाऊक नाही."

हे वाक्य मी माझ्याही वहीत उतरवून घेतलं आहे. तुमचा कुत्रा ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी शेपूट हलवत जिना चढायला निघतो, तुमची मनी ओट्यावर झेप घ्यायला बघते, तेव्हा हेच होत असतं. दहा ते चौदा दिवस, टाके निघेपर्यंत, त्यांना जिना नाही, उडी नाही, आंघोळ नाही. कुत्र्यामांजरांच्या गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा घालतात ना, शिवण चाटू नये म्हणून, तो त्यांना केविलवाणा वाटतो म्हणून काढू नका. फेरेटला तो बसतच नाही, कारण त्याची मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीचं, भोंगा सुळ्ळकन निघून येतो! सुदैवाने बहुतेक फेरेट टाक्यांच्या वाटेला जात नाहीत.

पुढचे दिवस चकली दार खरवडत राहिली आणि भाची त्या आवाजात गणितं करत बसली. कानात कापूस घातला नाही तिने. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आलाय तिला, मी पळून कशी जाऊ?" मग आजींनी युक्ती काढली. भाचीचा घातलेला, न धुतलेला मोजा पिंजऱ्यात टाकला. फेरेटचं जग वासाचं. चकलीने तो ओढत कोपऱ्यात नेला आणि त्यात तोंड घालून झोपली. मोजा निवडताना त्याला इलॅस्टिक नाही ना, ते मात्र आजींनी चष्मा लावून दोनदा पाहिलं.

टाके निघाले तेव्हा वजन 745 होतं.

माझा परतीचा दिवस जवळ आला. चकलीला आता घरभर फिरायची मोकळीक होती. दप्तरं खुंटीवर, चपला कपाटात, रिमोट वरच्या फळीवर, आणि खोडरबर स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. बॅग भरताना पाहते तर वेणीला लावायचे माझे चार काळे रबर गायब! अर्ध्या मिनिटात सगळं घर जमिनीवर. आजीसुद्धा काठी सोफ्याखाली घालून बसल्या. भाची सरळ पालथी पडून सोफ्याच्या मागच्या फटीत हात घालून चाचपत होती. आधी निघाला तिचाच तो मोजा. मग एक चमचा, आजींच्या चष्म्याची डबी, भावजींची हरवलेली किल्ली. छोट्या चोराचा सगळा खजिनाच तिथे होता! शेवटी एक रबर, दुसरा, तिसरा.

चौथा सापडेपर्यंत कुणी बोललं नाही. तो चमच्याला अडकला होता. भाचीने चारही उजेडात धरून, ताणून, कुठे कुरतडलेत का ते तपासले, आणि वही उघडून लिहिलं : "मावशीचे रबर. 4 पैकी 4. अख्खे."